देवस्थळीकाकांनी पिकअप पाहिली

"बोनेट उघडा," देवस्थळीकाका म्हणाले.

वॉल्टरने बोनेट उघडलं. काकांनी हात पाठीमागे बांधून आत डोकावून पाहिलं, मग कमरेत वाकून खालून पाहिलं, मग चारही चाकांना बुटाचं टोक लावत गाडीला एक प्रदक्षिणा घातली. त्यांच्या मागोमाग मी, माझ्यामागे मैत्रेयी, आणि सगळ्यांत शेवटी, बर्फावरून पाय घसरू नये म्हणून वॉल्टरच्या बायकोचा दंड घट्ट धरून कुमुदकाकू. एक वापरलेली पिकअप बघायला आम्ही चौघं गेलो होतो.

"घरात कोण कोण चालवायचं?" काकांनी विचारलं.

"मीच," वॉल्टर म्हणाला. "डोरिसला एवढी मोठी गाडी आवडत नाही."

"कधी ठोकली वगैरे?"

"नाही."

"मग विकताय का?"

"गुडघे. आता चढता-उतरताना बोंब होते."

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "माणूस शांत दिसतो. गाडीही जपून वापरली असणार. काय फाटक?"

"हो काका," मी म्हणालो.

वॉल्टर हे सगळं अर्थातच इंग्रजीत बोलत होता. आता इतक्या वर्षांनी मला तो मराठीतच आठवतो, त्याला माझा इलाज नाही.

ही गोष्ट अमेरिकेतल्या आयडाहोमधली. काका मूळचे रत्नागिरीचे. आयडाहोच्या डोंगरांतल्या एका लहानशा गावच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात तसे हे दोन स्नोमोबाइल घेऊन आले. काकू त्यांना बर्फातल्या स्कुटरी म्हणत. डोंगरावर आठ हजार फुटांवर एक तलाव होता, थंडीत तो गोठला की स्नोमोबाइलवरून थेट त्याच्या मधोमध जाता यायचं, आणि काकांना काकूंना मागे बसवून तिथे जायचं होतं. पण दोन्ही स्कुटरी ट्रेलरवर चढवून घाटाच्या पायथ्याशी आणल्या की काकांची मोटार मान टाकायची. जगातला कुठलाही डोंगररस्ता काकांच्या लेखी घाटच. म्हणून पिकअप हवी होती, आणि मी इंजिनिअर म्हणून सल्ल्याला हवा होतो. मी बॉयसी शहरात पुलांची डिझाइनं करत असे. पुलावरून गाड्या जातात, एवढाच माझा गाड्यांशी संबंध.

खरं सांगायचं तर काकांनी मला विमान निवडायला बोलावलं असतं तरी मी गेलो असतो. मला त्यांची मुलगी हवी होती. मैत्रेयीची आणि माझी केव्हाच खात्री पटली होती, पण ती म्हणायची, "बाबांची परवानगी नकोय रे मला, त्यांचा आनंद हवाय. तो मिळव." म्हणून दिवाळीत फराळाच्या ताटासमोर बसून मी काकांना रीतसर विचारलं. काकांनी चकलीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कळवतो."

आमच्यात ह्याचा अर्थ पाळण्यातल्या पोरालाही कळतो. मिरजेला माझ्या आत्याला पाहून गेलेली निम्मी स्थळं 'कळवतो' म्हणूनच गेली होती. कळवतो म्हणणारा कळवत नाही आणि ऐकणाऱ्यानं पुन्हा विचारायचं नसतं. कोणी कोणाला तोंडावर नाही म्हटलेलं नसतं, त्यामुळे पुढे एखाद्या लग्नात गाठ पडली तर दोघंही जिलबी वाढून घेऊ शकतात. इतकी सोयीची पद्धत, पण दिवाळीपासून माझ्या घशात ती माशाच्या काट्यासारखी अडकली होती. विचारावं तर उद्धटपणा, न विचारावं तर जीव टांगणीला. मग मी आशेपोटी दर शनिवारी त्यांच्याकडे जायचो, काकू वाढतील ते कारलं मिटक्या मारत खायचो आणि काका म्हणतील त्याला हो म्हणायचो.

गाडी बघून झाल्यावर डोरिसनं आम्हाला घरात नेऊन ॲपल पाय आणि कॉफी दिली. काकांनी दुसऱ्यांदाही पाय घेतला. वॉल्टरची मुलं कुठे असतात, गुरं किती, विहिरीला पाणी किती फुटांवर लागलं, सगळी चौकशी झाली. उठताना काकांनी हात पुढे केला आणि आपल्या प्राध्यापकी इंग्रजीत म्हणाले, "फार आनंद झाला. आम्ही तुम्हाला कळवतो."

"उत्तम," वॉल्टर म्हणाला.

आम्ही मोटारीत बसलो. मी सहज मागे वळून पाहिलं तर वॉल्टर पिकअपच्या काचेवरची 'विकणे आहे' अशी पाटी काढत होता. पाटी त्यानं काखेत मारली, आमच्याकडे बघून हात हलवला आणि तो घरात गेला.

"काका, तो पाटी काढतोय," मी म्हणालो.

"थंडी आहे ना," काका म्हणाले आणि त्यांनी मोटार सुरू केली.

अर्धा रस्ता गेला. मग काकांनी घसा खाकरला.

"गाडी वाईट नाही. पण पेट्रोल. शहरात ती काळी डिझेल आहे ना, मागच्या आठवड्यात पाहिली ती? तीच घेऊ. ओढायचं म्हटलं की डिझेल. आमच्या आंबा घाटात पेट्रोलवर चालणारा ट्रक पाहिलात कधी? काय फाटक?"

'हो काका' अगदी जिभेवर आलं होतं. शेजारी मैत्रेयीनं माझा हातही दाबला, म्हणजे म्हण एकदाचं. पण झालं असं होतं की काकांनी सल्लागार नेमल्यापासून मी खरोखरच अभ्यास केला होता. तिथल्या लोकांना विचारलं होतं, गॅरेजवाल्याचं डोकं खाल्लं होतं. आणि डोळ्यांपुढे त्या आठ हजार फुटांवर, बंद पडलेल्या काळ्या गाडीत शाल गुंडाळून बसलेल्या कुमुदकाकू दिसायला लागल्या.

"नको," मी म्हणालो.

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"नको म्हणजे?"

"म्हणजे डिझेल नको. कडाक्याच्या थंडीत डिझेल साकळतं, काका. इंजिनाला हीटर लावून ठेवावा लागतो. घरी लावाल, पण वर डोंगरात प्लग कुठे शोधणार?"

"इथले लोक वापरतातच की. थंडीचं वेगळं डिझेल मिळतं."

"मिळतं. आणि ज्यांना रोज घोडे, गुरं, गवताचे भारे वाहायचेत त्यांनी घ्यावंच. आपल्याला महिन्यातून एकदा दोन स्नोमोबाइल न्यायच्यात. उसाची ट्रॉली ओढायची नाहीये."

मैत्रेयीच्या पलीकडे काकू फसकन हसल्या आणि मग त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. काकांचे कान लाल झाले.

"आणि उंचीवर हवा विरळ होते, तेव्हा तुमच्या पेट्रोलचा दम जातो, त्याचं काय? तिथे डिझेलच्या टर्बोला काही होत नाही. हे वाचलंत का नाही?"

"वाचलंय. ते बरोबरच आहे. पेट्रोलवाली धापा टाकेल, पण चढेल. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी चावी फिरवली की सुरू होईल. तुम्ही तिघं वर अडकून पडाल अशी गाडी मला चालणार नाही."

"तुम्हाला चालणार नाही?" काका सावकाश म्हणाले.

"नाही चालणार," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना.

घर आलं. निघताना गेटाशी मैत्रेयी मला सोडायला आली. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"एवढी कारली खाल्लीस," ती म्हणाली, "सगळी वाया घालवलीस."

पुढच्या शनिवारी सकाळीच तिचा फोन आला. बाबा काळी डिझेल पक्की करायला निघालेत, तुला यायचं तर ये. मी कशाला जाणार होतो? पण गेलो. जाऊन बघतो तर काका टोपी-मफलर चढवून दारात तयार, काकू पोहे परतताहेत आणि बाहेर भुरभुर बर्फ पडतंय. काकांनी मला "या" म्हटलं, पण त्यापुढे काही नाही. मी कानकोंडा होऊन बूट काढत होतो तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला.

निळी पिकअप उभी होती. वॉल्टर आधी एक पाय, मग दुसरा, असा कण्हत खाली उतरला.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "हा कसा काय आला?" ते मराठीत कुजबुजले. "मी तर कळवतो म्हणालो होतो!"

"म्हणूनच आला असेल," मैत्रेयी म्हणाली.

वॉल्टर आत येऊन बसला, त्यानं हॅट काढून मांडीवर ठेवली. काकूंनी दिलेले पोहे चमच्याने चाचपून पाहिले, खाल्ले, आणि मग सरळ विषयाला हात घातला.

"ह्या आठवड्यात गाडी बघायला बरेच लोक येऊन गेले," तो म्हणाला. "मी त्यांना सांगितलं, एका गृहस्थांना मी गाडी दाखवलीय, ते कळवणार आहेत. त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याशी बोलणार नाही. पण तुमचं काही येईना. डोरिस म्हणाली, आजारी पडले असतील. म्हटलं, बघून यावं."

काका खुर्चीत इतके आकसले की मला त्यांची दया आली. ज्याच्याकडे दोनदा ॲपल पाय खाल्ला त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, हे त्यांना रत्नागिरीत कोणी शिकवलं नव्हतं आणि आयडाहोतही त्यांनी ते शिकून घेतलं नव्हतं.

"ह्याला आता सांगू काय?" ते काकूंना म्हणाले.

"मला काय विचारता?" काकू कपात चहा गाळत म्हणाल्या. "माझे बाबासुद्धा असेच येऊन बसले होते तुमच्या ओटीवर. तेव्हाही तुम्ही कळवतोच म्हणाला होतात. लोटे-परशुरामाहून एसटीनं आले होते बिचारे, हातात आंब्याची पेटी घेऊन."

हे मैत्रेयीलाही ठाऊक नव्हतं. ती आ वासून आईकडे बघत राहिली.

वॉल्टरला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण घरात काहीतरी पेच पडलाय एवढं त्याला कळलं. तो पुढे झुकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हे बघा प्रोफेसर, नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. चहा पिऊन घरी जाईन. माणसाला नुसतं कळलेलं बरं असतं, एवढंच."

अगदी हेच मला दिवाळीपासून म्हणायचं होतं. इतकं साधं वाक्य, आणि त्यासाठी गुडघेदुखीचा एक म्हातारा बर्फातून यावा लागला.

काकांनी मफलर पुन्हा गुंडाळला आणि ते उठले.

"ट्रेलर जोडू," ते म्हणाले. "घाट चढून बघतो. वर जाऊन उत्तर देतो, तिथल्या तिथे."

ट्रेलर जोडला, दिवे लागतात का ते बघितलं, दोन्ही स्नोमोबाइल पट्ट्यांनी आवळल्या. काका चालवायला, त्यांच्या शेजारी मी, मागे मैत्रेयी आणि वॉल्टर. काकू म्हणाल्या, मी घरीच बरी, तुमचं काय ते ठरवून या.

पहिल्या दोन वळणांपर्यंत गाडी शहाण्यासारखी गेली. मग खरा चढ लागला आणि इंजिन ओरडायला लागलं.

"फार ओरडतंय," काका दातओठ खात म्हणाले.

"ओरडू दे. गियर खाली घ्या. चढतेय ना?"

"चढतेय," काका म्हणाले. आणि पुढच्या वळणावर पुन्हा, जरा मोठ्यानं, "चढतेय हो!"

त्या घाटाचं मला काही वर्णन करता येणार नाही, कारण मी सगळा वेळ काकांच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. निवृत्त प्राध्यापकाच्या जागी अंगणात पहिल्यांदा सायकल शिकणारं पोर येऊन बसलं होतं. प्रत्येक वळणाला ते हॉर्न वाजवत होते, समोरून कोणी येत नसतानाही. कशेडी घाटात वाजवायची सवय, ती काही सुटलेली नव्हती. वॉल्टर मागून म्हणाला की ह्या गाडीचा हॉर्न चालतो हे त्याला आजच कळलं.

वरच्या मोकळ्या जागेत काकांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, दोन मिनिटं बसून राहिले आणि मग चावी फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. त्यांनी पुन्हा बंद करून पुन्हा सुरू केलं. मग खाली उतरले, गाडीला वळसा घालून वॉल्टरसमोर उभे राहिले आणि हातमोजा काढून त्यांनी हात पुढे केला.

"घेतली," काका म्हणाले. "उशीर झाला, माफ करा."

वॉल्टरनं हात हातात घेऊन चांगला हलवला. मैत्रेयीनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र तसाच उभा होतो. गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. वॉल्टरचे गुडघे जर इथवर येऊ शकतात तर माझ्या जिभेला काय झालंय, असं वाटलं.

"काका," मी म्हणालो, "मलाही तुम्ही कळवतो म्हणाला होतात."

काका वळले. मैत्रेयीच्या टाळ्या थांबल्या.

"म्हणालो होतो," काका म्हणाले.

"मग सांगा. नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, मला फार वाईट वाटेल, मी पुन्हा येऊन पुन्हा विचारीन. पण आज सांगा."

काकांनी हातमोजा पुन्हा घातला, त्याचं एकेक बोट ओढून नीट बसवलं.

"तुम्ही दिवाळीत विचारलंत," ते म्हणाले. "मी कळवतो म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, हो काका. कारलं वाढू का, हो काका. आज थंडी कमी आहे, हो काका. मी एकदा मुद्दाम म्हणून पाहिलं की पुलाला खांब नसले तरी चालतात, तर तुम्ही इंजिनिअर असून म्हणालात, हो काका! मी हिच्या आईला म्हटलं, मुलगा सज्जन आहे, पण घरात माणूस आलाय की नुसता कोट टांगलाय हे कळत नाही. आपली पोर उद्या चुकीच्या वाटेनं निघाली तर हा तिला थांबवणार की हो म्हणणार?"

मी बुटाच्या टोकानं बर्फ उकरू लागलो.

"त्या दिवशी मोटारीत तुम्ही नको म्हणालात," काका म्हणाले, "आणि मला पहिल्यांदा कळलं की मागे तिसरं माणूस बसलंय. राग आला, आला नाही असं नाही. आठवडाभर डिझेल डिझेल करत होतो ते त्या रागापायीच. पण हिची नि हिच्या आईची काळजी माझ्याआधी तुम्ही केलीत, ते मी विसरलेलो नाही." त्यांनी मफलर जरा सैल केला. "हो. माझं उत्तर हो आहे. मला फार आनंद आहे."

मैत्रेयी त्यांच्या गळ्यात पडली ती इतक्या जोरानं की काका ट्रेलरला धडकले. मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेलो, बर्फावर घसरलो आणि त्यांच्या बुटांपाशी सपशेल आडवा झालो. वॉल्टरला वाटलं मला चक्कर आली. तो धावत आला, म्हणजे त्याच्या गुडघ्यांनी जेवढं धावू दिलं तेवढं, आणि मैत्रेयी हसत-रडत त्याला सगळं इंग्रजीत सांगू लागली. ऐकता ऐकता त्याच्या भुवया वर वर चढत गेल्या.

"दिवाळी म्हणजे कधी?" त्यानं विचारलं.

मैत्रेयीनं सांगितलं.

वॉल्टर काकांना म्हणाला, "प्रोफेसर, मग माझं काम तुम्ही झटपटच केलंत."

वर फोन लागत नव्हता. तलावावर एक फेरी मारून येऊ असं मैत्रेयी म्हणाली, तर काका म्हणाले, छे, आधी घर. उतरताना खालचा गियर टाकून त्यांनी गाडी इतकी सावकाश आणली की मागे चार गाड्यांची रांग लागली, आणि त्या सगळ्यांना काका काच खाली करून हात दाखवत होते, जणू वरात निघालीय आणि लोक वरातीलाच आलेत.

काकू तबक घेऊन दारात उभ्या होत्या. गाडी ठरो न ठरो, त्यांनी नारळ फ्रीजमधून काढून ठेवला होता, चाकांखाली ठेवायला लिंबं होती, कुंकवाची कोयरी होती.

"ठरलं?" त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

"दोन्ही ठरलं," काका म्हणाले.

दोन्ही म्हणजे काय, हे काकूंनी विचारलं नाही. त्या खाली आल्या, करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, पिकअपच्या थंडगार निळ्या बोनेटवर एक छोटंसं स्वस्तिक काढलं. मग तेच बोट पुन्हा बुडवून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी उंच, त्या बुटक्या. मी वाकलो. त्यांनी ते बोट माझ्या कपाळावर टेकवलं.

"किती रे वेळ लावलात," त्या म्हणाल्या.

मी डोळे पुसून पाहिलं तर माझ्या शेजारी वॉल्टर हॅट हातात धरून, गुडघा सांभाळत, कपाळ पुढे करून वाकला होता.